सहाशे घरांच्या वतीने

नकाशात प्रभाग सात लालभडक उमटला तेव्हा नकाशा काढणारी घाबरली. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी तिला थोडं बरंही वाटलं. घाबरली, कारण तिचं घर त्याच प्रभागात होतं आणि घरात चौदा महिन्यांची मुलगी होती. बरं वाटलं, कारण गेलं वर्षभर ती जे घरीदारी सांगत आली होती, की या भागाच्या हवेत काहीतरी आहे, ते आता सरकारी कागदावर रंगीत छापून आलं होतं.

ऑफिसात तिला सगळे नकाशाताई म्हणत. काम तसं सुटसुटीत. पाहणी करणाऱ्या बायका घरोघर जाऊन विचारायच्या, पाच वर्षांखालचं मूल आहे का, गेल्या पंधरा दिवसांत त्याला ताप, खोकला, जुलाब, पुरळ असं काही झालं का. फॉर्म दुसऱ्या मजल्यावर यायचे, आकडे संगणकात जायचे आणि नकाशाताई त्यांना रंग द्यायची. निरोगी प्रभाग फिका पिवळा, आजारी प्रभाग लाल. सगळ्या शहराला विचारत बसलं तर मुलं मोठी होऊन त्यांची लग्नं होतील, म्हणून निवडक घरांनाच विचारायचं. एकेक घर आसपासच्या सहाशे घरांच्या वतीने बोलतं असं धरायचं. सहाशे घरांनी त्याला निवडून दिलेलं नसतं, पण त्यांना कोण विचारतो?

या खेपेला रंगाला वजन होतं. नगरपालिकेला मुलांच्या दवाखान्याची एक फिरती गाडी मिळाली होती. आत डॉक्टर, वजनकाटा, औषधांची फळी, सगळं. नावाला फिरती, पण फिरायला तिच्याकडे वेळ नव्हता. जो प्रभाग सगळ्यांत लाल, तिथे ती वर्षभर मुक्काम ठोकणार होती. गाडी एकच आणि प्रभाग बारा. निर्णय शुक्रवारच्या बैठकीत होणार होता, आणि आज मंगळवार होता.

प्रभाग सातमध्ये गाडी उभी करण्याजोगी जागा एकच होती, नकाशाताईच्या इमारतीमागचं मोकळं मैदान. म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीतून डॉक्टर दिसणार. हाक मारली तर डॉक्टरला ऐकू जाणार. जपजाप्य न करता देव असा दारात येऊन उभा राहत असेल, तर कोणती आई दार लावून घेईल?

त्या संध्याकाळी तिने नकाशाची एक प्रत घरी नेली. नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा. दिवसभर ‘आता स्पष्ट दिसतंय की मघाशी’ असं विचारून विचारून त्याच्या स्वभावात एक संथपणा मुरला होता. त्याने नकाशा जवळ धरला, मग लांब धरला, आणि म्हणाला की रंग छान आलाय. मुलगी त्या वेळी त्याच्या शर्टाची बाही चघळत होती. अंगाने चांगली गुटगुटीत, गालांखाली गळा शोधावा लागे, म्हणून घरात तिला भोपळी म्हणत. एक अख्खं केळं खाऊन झाल्यावर तिला बाहीची भूक लागली होती.

नकाशाताईने त्याला नीट समजावून सांगितलं. शंभरातली पंचवीस मुलं आजारी, म्हणजे चारातलं एक. बाकीच्या कोणत्याही प्रभागात चौदाच्या वर आकडा नाही. आपण रोगाच्या खाईत राहतोय आणि तुला रंग छान दिसतोय. मग तिने पश्चिमेच्या खिडक्या लावल्या, चमचे दोनदा उकळले, आणि प्रभाग तीनमध्ये भाड्याने घर बघू असं जाहीर केलं, कारण तो सगळ्यांत फिका होता. नवऱ्याने आठवण करून दिली की प्रभाग तीनमध्ये नुसती गोदामं आणि दफनभूमी आहे.

“तिथले रहिवासी तक्रार करत नाहीत, एवढंच,” तो म्हणाला.

बुधवारी सकाळी मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं. त्यांना ऑफिस पाठीमागे टक्केसाहेब म्हणायचं, कारण ते चहासुद्धा अर्धा न म्हणता पन्नास टक्के म्हणायचे. ते नकाशाकडे बघत बसले होते आणि त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. प्रभाग सातमध्ये गटारं झाकलेली, नळाला रोज पाणी, दोन बागा. प्रभाग अकरा चामड्याच्या कारखान्यांना खेटून, पाणी दिवसाआड टँकरने. आणि नकाशात सात लाल, अकरा पिवळा. हे काही गळी उतरत नाही, साहेब म्हणाले, मूळ फॉर्म काढा.

नकाशाताईला राग आला. आपला भाग आजारी असायलाही आता साहेबांची परवानगी लागणार होती. पण तिने फॉर्म काढले. त्यांवर नाव-पत्ता नसतो, नुसते क्रमांक असतात, कारण कोणाचं घर कोणतं हे बाहेर फोडायचं नाही अशी शपथ सगळ्यांनी घेतलेली असते. प्रभाग सातमध्ये लहान मूल असलेली घरं निघाली चार. पहिल्या घरी मुलाला काहीही नाही. दुसऱ्या घरी काहीही नाही. तिसऱ्या घरीही काहीही नाही.

चौथ्या घरी सगळं होतं. ताप होता, खोकला होता, जुलाब होते, पुरळ होतं. ‘इतर’ या रकान्यात मजकूर मावला नव्हता, म्हणून मागे पुरवणी जोडली होती आणि तीही दोन्ही बाजूंनी भरलेली होती.

साहेबांनी पुरवणी लांबवर धरली. एक तर हे मूल इस्पितळात राहतं, ते म्हणाले, नाहीतर त्याच्या आईला तिथे ठेवायला हवं.

इथे नकाशाताई पेटली. पुरुषांना हे कळायचं नाही, तिने ऐकवलं. चार घरांत एकाच आईचं मुलाकडे लक्ष आहे, तर तिची थट्टा करायची? बाकीच्या तिघी ‘काही नाही’ म्हणून मोकळ्या झाल्या, त्यांनी मुलाकडे शेवटचं कधी पाहिलं तेही विचारा की. ही बाई शिकलेली दिसते, जागरूक दिसते, पुराव्यासकट बोलते. मला भेटली तर मी तिच्या पाया पडेन. साहेब जरा मागे सरकले. तिने विजयी मुद्रेने पुरवणी त्यांच्या हातातून घेतली आणि त्या माऊलीचे बोल मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मंगळवारी तीन शिंका, त्यांतली एक लांब. बुधवारी शी नेहमीपेक्षा हिरवट. बुधवार ते शुक्रवार डावा कान उजव्यापेक्षा गरम.

डाव्या कानापाशी ती वाचायची थांबली.

तीन महिन्यांपूर्वी एक पाहणीवाल्या मावशी घरी आल्या होत्या आणि आपण त्यांना वहीतून वाचून दाखवलं होतं, हे तिला आठवत नव्हतं असं नाही. पण सबंध शहराच्या पाहणीत आपलं एक घर म्हणजे समुद्रात थेंब, असं तिने धरलं होतं. समुद्र चार थेंबांचा निघेल हे कोणी सांगितलं होतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही घाबरत घाबरत. जिच्या पाया पडायचं होतं ती माऊली आपणच. ज्या लाल रंगाला भिऊन तिने खिडक्या लावल्या होत्या, तो तिच्याच वहीतून वाहत जाऊन सहाशे घरांवर पसरला होता आणि फिरून तिलाच भिववायला आला होता.

साहेबांनी विचारलं, काय झालं. घसा, ती म्हणाली.

जागेवर येऊन बसली तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो लाजेचा नव्हता, गाडीचा होता. आपण कुठे खोटं बोललो? कान गरम होताच. फॉर्म नियमाने भरलाय, आकडा नियमाने काढलाय, रंगही नियमाने लागलाय. गप्प बसलं की झालं, शुक्रवारी बैठक, सोमवारी मैदानात डॉक्टर. ती दोन घोट पाणी प्यायली आणि तिने गप्प बसण्याचा पक्का निश्चय केला. तो साधारण पाऊण तास टिकला, कारण पाऊण तासाने साहेबांनी पाहणीवाल्या मावशींनाच बोलावून घेतलं.

प्रभाग सात आणि प्रभाग अकरा, दोन्हीकडे त्याच फिरल्या होत्या. पायात जाड तळव्याच्या चपला, खांद्याला झोळी, आणि अर्ध्या शहराचे उंबरे झिजवल्यामुळे येणारा बिनधास्तपणा. त्या आत आल्या, साहेबांना नमस्कार केला, नकाशाताईकडे पाहिलं आणि ताबडतोब छताकडे पाहायला लागल्या.

साहेबांनी चौथ्या घराचं विचारलं.

“घर आठवतंय,” मावशी छताला म्हणाल्या. “पण कोणाचं ते विचारू नका. शपथ घेतलीय मी.”

विचारत नाही, साहेब म्हणाले, पण बाई कशी वाटली? मावशींनी पंख्याची तीनही पाती नीट निरखली. बाई चांगली होती, त्या म्हणाल्या, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. फक्त मी विचारायचं आणि तिने सांगायचं, तर मला विचारायला जागाच मिळेना. अडीच तास बसले. उठले तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या. मुलगी कशी होती म्हणाल, तर सबंध वेळ माझी झोळी खात होती. नकाशाताईने आपली खुर्ची हळूच कपाटाच्या आड सरकवली.

मग साहेबांनी अकराचं विचारलं. नऊ घरी लहान मुलं, आणि नऊही घरी सगळं ‘नाही’, हे कसं काय? मावशी आता छतावरून खाली उतरल्या. अकरामध्ये बायका दारातच उभ्या राहून बोलतात, त्या म्हणाल्या, हातातलं काम सोडत नाहीत. मूल खेळत असलं की त्यांच्या लेखी ते बरं. नाक वाहतंय, पोट बिघडलंय, ते सगळं बऱ्यातच धरायचं. मूल उठेनासं झालं की मग आजारी.

“एकीच्या कडेवरचं पोर मी असंच लाडानं धरलं, तर हात भाजला माझा,” मावशी म्हणाल्या. “तिला विचारलं, ताप? ती म्हणाली, छे, उन्हात होता. मी काय लिहिणार? ती सांगेल तेच लिहायचं. लिहिलं, नाही.”

नकाशाताईला ते पोर दिसायला लागलं. कोणी कान मोजत नाही असं पोर. इथे निरोगी भोपळीने लालभडक डाग पाडला होता नकाशावर, आणि ते तापलेलं पोर फिक्या पिवळ्या रंगात सुखरूप बसलं होतं.

“साहेब,” ती कपाटाआडून म्हणाली, “ते चौथं घर माझं.”

साहेब आधी शपथेकडे वळले. घराचं नाव फोडायला मनाई आहे, ते म्हणाले, मग ते घर स्वतःचं असलं तर काय याबद्दल नियमांत काही नाही. घरवालीनेच फोडलं तर फुटलं म्हणायचं, मावशींनी निकाल दिला आणि सुटकेचा मोठा श्वास सोडला. मग साहेबांच्या लक्षात आलं की सकाळी नकाशाताई कोणाच्या पाया पडणार होती. ते सज्जन माणूस, हसले नाहीत. फक्त त्यांचा चहा नाकातून साधारण वीस टक्के बाहेर आला.

पण साहेबांचं एक चांगलं होतं, आकडा चुकला की ते माणूस विसरून आकड्याकडे धावत. संशयास्पद फॉर्म असला तर पुन्हा भेट द्यायची, असा नियम होताच. दोन्ही प्रभागांतल्या तेरा घरी मावशींनी उद्याच्या उद्या परत जायचं, आणि या वेळी कोणाच्या म्हणण्यावर जायचं नाही. ताप म्हणजे थर्मामीटरवर शंभराच्या वर, आत्ता, नाहीतर पंधरा दिवसांत कधी मोजलेला असेल तर तोही. खोकला म्हणजे ज्याने झोप मोडते तो. जुलाब म्हणजे दिवसातून तीन वेळा, त्याहून कमी ते नाहीत. नकाशाताईने नकाशाला हात लावायचा नाही, घरी बसून उत्तरं द्यायची.

गुरुवारी तिने रजा घेतली. मावशी सकाळपासून फिरतीवर होत्या, आणि दुपारी साहेबांचा फोन आला. खरं म्हणजे त्यांनी तिला काही सांगायला नको होतं, पण आकडा पोटात राहिला की त्यांना करपट ढेकर येत. अकराच्या नऊ घरांत दोन मुलं तापलेली सापडली होती, एक एकशे एक, दुसरं एकशे दोनवर. म्हणजे बावीस पूर्णांक दोन टक्के, ते तृप्तीने म्हणाले. सातची तीन घरं पहिल्यासारखीच कोरी. आता तुमचं तेवढं राहिलं.

फोन ठेवल्यावर तिने हिशेब केला. तिने कोणत्याही एका आजाराला ‘हो’ म्हटलं, की चारातलं एक घर, पंचवीस टक्के, सात पुन्हा वर आणि गाडी मागच्या मैदानात. तिने ‘नाही’ म्हटलं, की सातचं शून्य आणि गाडी अकराला. सबंध नगरपालिका तिच्या जिभेवर बसली होती. नवरा दुपारचं जेवायला आला होता. त्याला सांगितल्यावर तो म्हणाला की अवघड आहे खरं, आणि भोपळीला मांडीवर घेऊन बसून राहिला. दुकानात परत जायचं त्याने नावच काढलं नाही. असला खेळ रोज कुठे बघायला मिळतो?

मावशी चारला आल्या. त्या खुर्चीवर बसल्या आणि झोळी भोपळीच्या हाताला लागणार नाही अशी उंच खुंटीला अडकवली. मग त्यांनी नवा फॉर्म उघडला, आणि जणू या बाईला जन्मात पाहिलं नाही अशा आवाजात विचारायला सुरुवात केली. खोकला?

शनिवारी पहाटे दोनदा, नकाशाताई म्हणाली. झोप मोडली का? तिने वही पाहिली. मुलीची नाही मोडली, तिची मोडली. मावशींनी पेन वर धरून ठेवलं. आईची धरत नाहीत, त्या म्हणाल्या. जुलाब? रविवारी दोनदा. तीन हवेत. तशी तिसरी अर्धवट झाली होती, पण... नवरा खाकरला. तिने वहीचं पान उलटलं.

“ताप?”

“अंग कोमट होतं. सोमवारी, मंगळवारी.”

“कोमटला रकाना नाही, बाई. मोजला होता?”

मोजला नव्हता असं कसं होईल? दिवसातून चार वेळा मोजला होता. तिने वही मांडीवर घेतली आणि पंधरा दिवसांचे साठ आकडे बोटाने खाली खाली उतरत पाहायला लागली. अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णवला तिचं बोट थबकलं, शंभर आसपासच कुठेतरी असणार होतं, ते नेहमी आसपासच असायचं. एक पान, दुसरं पान. साठपैकी एकही नाही. एवढी वर्षभर जिवापाड लिहिलेली वही, आणि तिच्यात आजारी मूल सापडेना. लिहिताना तिने प्रत्येक आकड्याला भीत भीत पाहिलं होतं, एकामागून एक असे कधी वाचलेच नव्हते.

मावशी पेन टेकवून थांबल्या. नियमच होता, उत्तर सुचवायचं नाही. भोपळीने बापाचं नाक धरून मुळापासून उपटायचा प्रयत्न चालवला होता, आणि तिच्या हातात दोन मुलांचं बळ होतं.

“नाही,” नकाशाताई म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, “लिहा. गेल्या पंधरा दिवसांत माझी मुलगी आजारी नव्हती.”

मावशींनी लिहिलं. चौदा महिन्यांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. नकाशाताईला वाटलं की आता छप्पर तरी कोसळेल, किंवा निदान मुलगी तरी शिंकेल. काही झालं नाही. मनातल्या मनात गाडी मैदानातून निघाली, अकराच्या वाटेला लागली, आणि तिने ती कोपऱ्यापर्यंत जाऊ दिली. त्या कढत पोराच्या दारात थांबू दे, तिने म्हटलं. डॉक्टरला हाक त्याची आई मारू दे.

तिने वही मिटली आणि मावशींना चहा टाकते म्हणून उठायला लागली. मावशींनी हातानेच बसा म्हटलं आणि फॉर्मचं पान उलटलं.

“अजून संपलं नाही. हे मूल सांभाळणाऱ्या बाईचं पान. गेल्या पंधरा दिवसांत तुम्हाला झोप नीट लागली?”

नकाशाताई अर्धवट उठलेली तशीच राहिली. हे मागच्या खेपेला विचारलं नव्हतं, ती म्हणाली.

“असतं दर खेपेला,” मावशी म्हणाल्या. “मागच्या वेळी अडीच तासांत आपण इथवर पोचलोच नाही.”

नवऱ्याने आपलं नाक सोडवून घेतलं, भोपळीला खांद्यावर टाकलं, आणि चहा ठेवायला तोच आत गेला. आतून त्याने विचारलं की साखर किती. पण तोवर नकाशाताई परत खाली बसली होती आणि सांगायला सुरुवात झाली होती.